सावळ्या गालावरची लाली

मराठीत दाह, उर्दूत सोज़िश, इंग्रजीत इन्फ्लमेशन. तिन्ही शब्द उकरून पाहिले तर खाली जाळच सापडतो. दाह संस्कृतच्या 'दह्' धातूपासून आला, म्हणजे जळणे. सोज़िशच्या पोटात फारसी 'सोज़' आहे, त्याचाही अर्थ जळणे. आणि इन्फ्लमेशन लॅटिनमधल्या ज्वाळेच्या शब्दावरून. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे अशा जोड्या लावत बसण्याची मला खोडच आहे. आमच्या मुलांना तर मी सांगतेच की भाषा कितीही दूरच्या असोत, दुखणं आलं की त्या एका चुलीशी येऊन बसतात.

पण गेल्या वर्षी एक प्रश्न समोर आला आणि शब्दांच्या पलीकडे जावं लागलं. जळतंय हे कळतं, पण किती जळतंय हे मोजायचं कसं? आणि मोजणारा जर फक्त लाल रंग शोधत असेल, तर ज्यांच्या कातडीवर लाल दिसतच नाही त्यांचं काय?

निमित्त माझ्या भाचीचं. वय सव्वीस, पुण्यात नोकरी, निकाह ठरलेला. तिच्या डोळ्यांखाली लहानपणापासून खळगे आहेत, आमच्या अम्मीसारखे. बायोडेटाच्या फोटोत ते दिसतात म्हणून दोन-तीन ठिकाणी कुणीकुणी बोललंही होतं. निकाहच्या दहा दिवस आधी, एका गुरुवारी, तिने पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन दोन्ही डोळ्यांखाली फिलरची इंजेक्शनं घेतली. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने सोलापुरात आली तेव्हा चेहरा थोडा फुगलेला होता. आम्हाला वाटलं, प्रवासाने.

हे कशाला करायचं, असं अनेकींनी विचारलं. अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात ढवळाढवळ, असंही झालं. त्या वादात मी इथे शिरत नाही. गाल सुजला असेल तर आधी दवा लागते, फतवा नंतरही मागता येतो. आणि खळग्यांवरून तिला बोलणाऱ्यांना तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं, हेही मला आठवतं.

फिलर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. बहुतेक फिलरमध्ये हायलुरॉनिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ असतो. नावात अ‍ॅसिड असलं तरी तो जाळणारा नाही. तो आपल्या शरीरातच असतो आणि त्यातला निम्मा आपल्या त्वचेत. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून वेगळा काढला. काचेला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव ठेवलं. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो, म्हणून जिथे भरला तिथली खोली बुजते. शरीर त्याला लवकर फोडून टाकतं, म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून घट्ट जेल करतात आणि ते सुईने आत सोडतात.

त्याच्या आधी गाईच्या कातडीपासून काढलेलं कोलॅजन वापरत. अमेरिकेत त्याला 1981 मध्ये मंजुरी मिळाली. त्या कोलॅजनची एक गोष्ट मला आवडली. ते काही जणांना सोसत नसे, म्हणून चेहऱ्याला हात लावण्याआधी मनगटाच्या वरच्या भागात थोडं टोचून चार आठवडे वाट बघायचे. हात सुजला, लाल झाला, तर चेहऱ्यावर प्रयोग नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरला अमेरिकेत 2003 मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याला ही चाचणी लागत नाही, कारण त्याची अ‍ॅलर्जी फार कमी होते. कमी होते म्हणजे कधीच होत नाही असं नव्हे. शिवाय सुई आत गेली की तिच्या वाटेने जंतूही जाऊ शकतात, तिथे अ‍ॅलर्जीचा संबंधच नाही.

तर शनिवारी संध्याकाळी भाची आरशासमोरून उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "खाला, डावा गाल जल रा मेरा." उजवीकडची सूज ओसरत होती. डावीकडची वाढत होती. क्लिनिकला फोन केला. तिकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगितला. आम्ही पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं आणि सोबत तक्ता भरलेला एक कागद. त्यावर चार ओळी होत्या: लालसरपणा, सूज, वेदना, काळं-निळं पडणं. प्रत्येकीपुढे चार चौकोन: नाही, सौम्य, मध्यम, तीव्र. सुजेपुढे 'सौम्य'वर खूण. लालसरपणापुढे 'नाही'. वेदना त्यांनी विचारलीच नव्हती, तरी तिथेही 'सौम्य' होतं. खाली लिहिलं होतं, सगळं नॉर्मल आहे, बर्फ लावा.

मी फोटो पाहिला, मग भाचीचा गाल पाहिला. खरं सांगायचं तर फोटोत लालसरपणा नव्हताच. फोटो काढणाऱ्या मोबाइलने तिला नेहमीप्रमाणे दोन छटा उजळ करून ठेवलं होतं. आमच्या दिवाणखान्यातला दिवा पिवळा. आणि भाची आमच्या अब्बांवर गेलेली, चांगली सावळी. गोऱ्या गालावर जे गुलाबी म्हणून उमटलं असतं, ते तिच्या गालावर जांभळट-तपकिरी छटेने थोडं गडद झालं होतं, एवढंच. ते फोटोत दिसायला नको होतं असं नाही, पण गुलाबी शोधणाऱ्या डोळ्याला ते दिसलं नाही.

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापन हा विषय होता. त्यात दोन शब्द घोटून घेतले होते: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. पुन्हा पुन्हा मोजलं तरी तोच निकाल देणारं साधन विश्वसनीय. पण जे मोजायचं तेच मोजतं का, हा प्रश्न सप्रमाणतेचा. आणि 'नाही, सौम्य, मध्यम, तीव्र' अशा कागदाला आम्ही पदनिश्चयन श्रेणी म्हणतो. ती वापरायला सोपी म्हणून शिक्षक तिच्या प्रेमात पडतात, आणि तिचे दोष आमच्या सरांनी अर्धा तास फळ्यावर लिहिले होते. त्या कागदाकडे बघताना मला तो फळा आठवला. त्या क्लिनिकने दहादा तो फोटो पाहिला असता तरी दहादा 'नाही' हीच खूण केली असती. अगदी विश्वसनीय!

रात्री मी एक वही काढली. भाची हसली, "खाला, पेपर तपासने का है क्या?" पण मग तीही बसली.

पहिलं काम सुजेची कड आखणं. निळ्या बॉलपेनने मी सुजेच्या कडेने बारीक ठिपके दिले. ही माझी कल्पना नव्हे. पायाच्या कातडीत जंतूसंसर्ग झाला की डॉक्टर लालीच्या कडेने पेनाने रेघ मारतात आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का बघतात. आमच्या अब्बांच्या पायावर ती रेघ मी पाहिली होती. दुसरं काम, हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही गाल आळीपाळीने चाचपणं. ताप बघताना आपण हेच करतो. डावा गाल उजव्यापेक्षा स्पष्ट गरम होता, त्यासाठी थर्मामीटरची गरज नव्हती. तिसरं, बोटाने हलकं दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. हे मला नंतर कळलं की फिलरच्या बाबतीत फार महत्त्वाचं असतं. निरोगी त्वचेत रंग साधारण दोन सेकंदांत परततो. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाबून बसलं तर रक्त थांबतं, कातडी फिकी पडते, मग जाळीसारखी निळसर नक्षी उमटते, दुखणं वाढत जातं आणि दाबल्यावर रंग लवकर परतत नाही. त्या धोक्यात वेळ तासांनी मोजायची असते. डोळ्याच्या आसपास दिलेल्या इंजेक्शनांत तर क्वचित दृष्टीही जाऊ शकते. भाचीचा रंग दोन्हीकडे लगेच परतत होता, दिसायला काही त्रास नव्हता. म्हणजे तो धोका दिसत नव्हता. पण सावळ्या कातडीवर फिकं पडणंही ओळखायला कठीणच, हे मी त्या रात्री पाहिलं. मी टॉर्च कधी डावीकडून, कधी उजवीकडून धरत होते.

चौथी गोष्ट शब्दांची. क्लिनिकच्या कागदावर वेदना होती, पण वेदनेची जात नव्हती. मी भाचीला मराठीत विचारलं, कारण या बाबतीत मराठी माझ्या मायबोलीहून श्रीमंत आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. चुरचुरतंय का? नाही. खाजतंय? नाही. भगभगतंय? सकाळी भगभगत होतं. आता? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अब ठनकता है." ठणकतंय. म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर आत काहीतरी ठोके देतंय. भगभगण्याचं ठणकणं झालं, हा बदल चार चौकोनांच्या कुठल्याही श्रेणीत मावला नसता. आजीच्या काळापासून आपल्याकडे माहीत आहे की गळू आधी चुरचुरतं, मग रसरसतं, मग ठणकायला लागतं. वहीत मी तिन्ही शब्द वेळेसकट लिहिले.

रविवारी सकाळी दहा वाजता खिडकीजवळ तिला उभं केलं. दिवा बंद, हातात पांढरा कागद गालाशेजारी धरलेला, दोन्ही गाल एकाच फोटोत. कागद एवढ्यासाठी की मोबाइलने रंगाशी खेळ केला तर कागदाच्या पांढरेपणावरून तो कळावा. सूज ठिपक्यांच्या बाहेर गेली होती, जवळजवळ बोटाच्या पेराएवढी. आमच्या आपा, म्हणजे भाचीची आई, हळदीची वाटी घेऊन आल्या. "हल्दी लगाव, सूजन उतर जाती." मी वाटी बाजूला ठेवली. हळद काय करते हा वेगळा विषय, पण ती लावली असती तर गालाचा रंग बघण्याची उरलीसुरली सोयही गेली असती.

ओळखीतून एका त्वचारोग डॉक्टर बाईंनी रविवार असूनही दुपारी बोलावलं. मी वही पुढे केली, काहीशा संकोचाने. त्यांनी ती खरोखर वाचली. मग त्यांनी जे केलं ते मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

त्यांनी आधी रंगाकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून, हो, चक्क डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी दोन्ही गाल चाचपले. कुठे मऊ, कुठे घट्ट, कुठे दाबलं की भाची आक्रसते. मग करोनाच्या काळातली ती कपाळावर रोखायची बंदूक काढली आणि दोन्ही गालांवर एकेका जागी धरली. डावीकडे आकडा वर होता. त्या म्हणाल्या, मधुमेही माणसाच्या पायांसाठी हीच युक्ती वापरतात. दोन पायांच्या एकाच जागेच्या तापमानात सुमारे 2.2 अंश सेल्सिअसचा फरक दिसू लागला तर जखम व्हायच्या आधीच सावध व्हायचं. आणि पुढचं त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात घर करून राहिलं. माणसाच्या कातडीतून बाहेर पडणारी उष्णता कातडीच्या रंगावर अवलंबून नसते. गोऱ्याची आणि काळ्याची त्वचा ती जवळपास सारखीच बाहेर टाकते. म्हणून ते यंत्र भाचीच्या गालाला तोच न्याय देतं जो गोरीच्या गालाला देईल.

मग काचेची पट्टी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशी, आणि ती गालावर दाबून आरपार पाहिलं. दाबाने नळ्यांतलं रक्त बाजूला सरकतं आणि रंग उतरतो. रक्त नळीबाहेर सांडलं असेल, म्हणजे आतून काळं-निळं पडलं असेल, तर रंग तसाच राहतो. भाचीचा गडद डाग काचेखाली बराचसा उतरला. तो रंग नळ्यांतल्या रक्ताचाच होता. त्यांनी कागदावर लिहिलं, लाली आहे, डावीकडे, मध्यम. सुईच्या वाटेने जंतू गेल्याचा संशय धरून प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू केल्या, बर्फ आणि चोळणं बंद करायला सांगितलं, आणि ठणका वाढला, ताप आला किंवा नजरेत काही बदल झाला तर रात्री दोनलाही फोन करा म्हणाल्या.

मंगळवारपर्यंत सूज माझ्या ठिपक्यांच्या आत आली. शुक्रवारी हळदीला गालांना सोडून हातापायांनाच हळद लागली, त्यावरून बायकांनी जी कुजबुज करायची ती केली. रविवारी निकाह झाला.

त्यानंतर मी वाचत सुटले. सुट्टीत शिक्षकाला दुसरं काय काम?

कळलं ते असं. दाहाच्या चार खुणा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सेल्ससने लॅटिनमध्ये लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. पुढे पाचवी जोडली गेली, त्या अवयवाचं काम बिघडणं. आमच्या युनानी हकिमांच्या तोंडी असलेला 'वरम' हा शब्दही याच दुखण्याचा, इब्न सिनाच्या 'अल-क़ानून'मध्ये त्याची केवढी तरी चर्चा आहे. यादीत लाली पहिली. आजच्या बहुतेक तक्त्यांतही ती पहिलीच असते. रोमच्या माणसाला ती पहिली दिसली, यात त्याचा दोष नाही. पण यादी वाचणाऱ्यांच्या गालांचे रंग पुढे बदलत गेले आणि यादीचा क्रम तसाच राहिला.

फिलरच्या मोठ्या चाचण्यांमध्येही इंजेक्शन घेतलेल्या माणसाला रोजनिशी देतात. साधारण दोन आठवडे त्याने घरी बसून लालसरपणा, सूज, दुखणं, गाठी, काळं-निळं पडणं यांपुढे सौम्य-मध्यम-तीव्र लिहायचं. तीही पदनिश्चयन श्रेणीच. तरी ती मला त्या क्लिनिकच्या कागदापेक्षा बरी वाटते, कारण तिथे खूण ज्याचा गाल त्याच्याच हाताने होते.

यंत्रंही आहेत. त्यामागचं तत्त्व शाळेतल्या विज्ञानाएवढंच आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं आणि लाल परत पाठवतं, म्हणून रक्त लाल दिसतं. मग यंत्र कातडीवर हिरवा आणि लाल प्रकाश टाकतं आणि दोन्ही किती परत आले ते मोजतं. हिरवा कमी परत आला तर खाली रक्त जास्त साचलंय, म्हणजे लालीचा आकडा वर. मेक्सामीटर नावाचं एक जर्मन यंत्र असंच चालतं. ते 568, 660 आणि 880 नॅनोमीटर लांबीच्या लहरी वापरतं, म्हणजे एक हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरची, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारी. पहिल्या दोनांवरून लाली, शेवटच्या दोनांवरून मेलॅनिन. दुसरी पद्धत रंगाला तीन आकड्यांत बसवते: उजळपणा एक, हिरव्यापासून लालपर्यंत दुसरा, निळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिसरा. ही पद्धत 1976 ची. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर दुसरा आकडा किती सरकला, ती लाली.

आता अडचण बघा. कातडीला रंग देणारं मेलॅनिन वरच्या थरात असतं आणि रक्त त्याच्या खाली. मेलॅनिनही प्रकाश खातं, हिरवाही खातं. म्हणजे हिरवा प्रकाश रक्तापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत लुटला जातो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा. यंत्राला कळत नाही की प्रकाश रक्ताने खाल्ला की मेलॅनिनने. म्हणून सावळ्या कातडीवर दाह नसतानाच आकडा चढा दिसू शकतो आणि दाह झाल्यावर त्यात पडणारी भर लहान दिसते. याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे असा नाही. अर्थ एवढाच की भाचीच्या गालाची तुलना कुणा परक्या गालाशी करून चालणार नाही, ती तिच्याच कालच्या गालाशी किंवा तिच्याच उजव्या गालाशी करावी लागेल. त्यासाठी इंजेक्शनच्या आधीची नोंद हवी. क्लिनिकने 'आधी'चा फोटो काढला होता, नाही असं नाही. पण तो गोल दिव्याच्या झगझगाटात, जाहिरातीसाठी. त्या फोटोत तिच्या कातडीचा तिचा स्वतःचा रंगच नव्हता.

त्वचेच्या रंगाचे जे सहा प्रकार डॉक्टर लोक सांगतात, ती फिट्झपॅट्रिक श्रेणी 1975 ची. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती केली ती सोरायसिससारख्या आजारांवर अतिनील किरणांचा उपचार देताना किती मात्रा द्यायची हे ठरवायला. उन्हात भाजता की काळवंडता, हा तिचा मूळ प्रश्न, आणि सुरुवातीचे चार प्रकार गोऱ्या लोकांसाठीच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा नंतर जोडले गेले. मला हे वाचून आमच्या शाळेतली प्रश्नपत्रिका आठवली. मायबोली उर्दू असलेल्या मुलांसाठी मराठीचा पेपर काढायचा तो आधी इतरांसाठी काढायचा आणि शेवटी दोन प्रश्न सोपे करून जोडायचे, असं मी अनेकदा पाहिलं आहे. त्या पेपरात मूल नापास झालं की मुलाचं मराठी कच्चं, असा शेरा बसतो.

याच्याहून मोठी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेली आहे. 2021 मध्ये दारोदार ऑक्सिमीटर आले होते. बोटात अडकवायचा आणि आकडा वाचायचा. तोही प्रकाशच मोजतो. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की यंत्र ऑक्सिजन ठीक आहे असं सांगत असताना रक्तात तो प्रत्यक्षात कमी असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. जवळपास तिप्पट. फिलरचा गाल हा हौसेचा मामला म्हणून कुणी बाजूला सारेल, पण श्वासाचं काय? आमच्या गल्लीत त्या वर्षी त्या आकड्यावर किती घरं रात्री निश्चिंत झोपली, ते मी विसरलेले नाही.

लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये तेव्हा शिकणारा मॅलोन मुक्वेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी होता. काळ्या आणि सावळ्या त्वचेवर रोगाच्या खुणा कशा दिसतात हे आम्हाला कुणी शिकवतच नाही, म्हणून त्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर 2020 मध्ये चित्रांची एक पुस्तिका तयार केली, 'माइंड द गॅप'. एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नातून. माझ्यासारख्या शिक्षिकेला ही गोष्ट आवडणारच.

माझ्या शाळेतल्या दोन-तीन जणी आता मला बाजूला घेऊन विचारतात, लेकीचं लग्न आहे, ओठांचं करून घेऊ का, डोळ्यांखालचं करून घेऊ का. मी हो-नाही सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. एवढं सांगते की लग्नाच्या तोंडावर नको, महिनाभर तरी आधी. त्वचेच्या पदवीधर डॉक्टरकडेच, आणि फिलर विरघळवणारं औषध, हायलुरॉनिडेज, त्यांच्या कपाटात आहे का हे विचारूनच खुर्चीत बसायचं. आदल्या दिवशी खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद धरून, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवायचा. नंतर हाताची मागची बाजू रोज दोन्ही गालांना लावायची. आणि फोनवर कुणी "लाल झालंय का?" एवढंच विचारलं तर गरम आहे का, घट्ट आहे का, ठणकतंय का, हे आपणच न विचारता सांगायचं. एकीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, बाई, तुम्ही ब्यूटी पार्लरचाही अभ्यासक्रम केलात!

भाची अधूनमधून तपासणीला त्याच डॉक्टर बाईंकडे जाते. मागच्या खेपेला त्यांनी तिच्याकडे एक परवानगी मागितली. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला त्यांनी सावळ्या कातडीवरच्या लालीचे फोटो गोळा करायला घेतले आहेत, त्यात तिचे घेऊ का? नाव नाही, डोळ्यांवर काळी पट्टी. भाचीने मोबाइल काढला, सगळे फोटो एकेक करून त्यांच्यासमोर सरकवले आणि रविवारी सकाळी दहाचा निवडून दिला, खिडकीतला, गालाशेजारी पांढरा कागद आणि माझे निळे ठिपके असलेला.